मिमोसा, बेलिनी आणि रत्नागिरीचा हापूस : फेसाळ फलपेयांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

एप्रिल-मे महिन्यांत मुंबई, पुणे आणि गोवा येथील मोठ्या हॉटेलांत रविवारच्या उशिराच्या न्याहारीला उंच, अरुंद पेल्यातून एक केशरी-पिवळे फेसाळ पेय दिले जाते. खाद्यपदार्थांच्या यादीत त्याचे नाव ‘मँगो मिमोसा’ किंवा ‘मँगो बेलिनी’ असे असते. त्यातील रस आंब्याचा असतो आणि वाइन अनेकदा नाशिक जिल्ह्यातील असते. म्हणजे पेल्यातील दोन्ही घटक महाराष्ट्राच्या मातीतले, नाव मात्र पॅरिस किंवा व्हेनिसहून आलेले. आंबा कोणता, कोणत्या किनाऱ्यावरचा, याचा उल्लेख त्या यादीत क्वचितच आढळतो.

मराठीत खाद्यसंस्कृतीवर बरेच लेखन झाले आहे. पेयसंस्कृतीवर, विशेषतः मद्ययुक्त पेयांवर, त्यामानाने फार थोडे. मद्यपानाकडे आपल्याकडे प्रामुख्याने नैतिक व सामाजिक प्रश्न म्हणून पाहिले गेले आणि तसे पाहण्यास सबळ कारणेही आहेत. तथापि कोणतेही पेय हे शेती, व्यापार, तंत्रज्ञान व कायदा यांच्या संयोगातून घडत असते आणि म्हणून ते इतिहासाच्या अभ्यासकाचेही क्षेत्र ठरते. प्रस्तुत लेखात मिमोसा व बेलिनी या दोन पेयांची पार्श्वभूमी तपासून त्यांचे कोकण किनाऱ्याशी, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्याशी असलेले नाते शोधण्याचा प्रयत्न केला आहे. फळ आणि फेस यांचा मेळ या किनाऱ्याला अनोळखी नव्हता; त्या मेळाला नाव व बाजारपेठ मिळू शकली नाही, आणि याची कारणे चवीपेक्षा कायद्यात व वाहतुकीत सापडतात, अशी या लेखाची मांडणी आहे.

मिमोसा व बेलिनी : नावांची कुळकथा

मिमोसा म्हणजे संत्र्याचा रस व शॅम्पेन यांचे समप्रमाणातील मिश्रण. त्याचे श्रेय सामान्यतः पॅरिसच्या रिट्झ हॉटेलमधील मुख्य मद्यवाढपी फ्रँक मायर याला दिले जाते आणि साल १९२५ च्या आसपासचे सांगितले जाते. मात्र या श्रेयाबाबत सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. मायरने १९३६ मध्ये आपल्या कृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात स्वतः शोधलेल्या पेयांपुढे तो एक खास चिन्ह छापत असे. मिमोसापुढे हे चिन्ह नाही. शिवाय १९२१ मध्येच लंडनच्या बक्स क्लबमध्ये मॅकगॅरी नावाच्या मद्यवाढप्याने संत्र्याचा रस व शॅम्पेन यांचे पेय प्रचारात आणले होते व ते ‘बक्स फिझ’ या नावाने आजही ओळखले जाते. दोहोंतील फरक मुख्यतः प्रमाणाचा आहे. बक्स फिझमध्ये शॅम्पेन अधिक. तेव्हा मिमोसाचा ‘जनक’ कोण, या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर देता येत नाही आणि त्यावाचून फारसे अडतही नाही. ज्या प्रदेशात संत्री व फेसाळ वाइन दोन्ही उपलब्ध होती तेथे ती कोणी ना कोणी एकत्र केलीच असणार.

नावाबद्दल मात्र एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात घेण्याजोगी आहे. वनस्पतिशास्त्रात मिमोसा ही प्रजाती म्हणजे आपली लाजाळू. कोकणात रस्त्याच्या कडेला सर्वत्र आढळणाऱ्या या झुडपाची फुले फिकट गुलाबी असतात. त्यांचा आणि या पेयाच्या रंगाचा मेळ बसत नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘मिमोसा’ या नावाने ओळखले जाणारे झाड वेगळे. ते मूळ ऑस्ट्रेलियातील असून बाभळीच्या जवळचे आहे आणि त्याला पिवळ्याधमक, गोंड्यासारख्या फुलांचे झुबके येतात. पेयाचे नाव त्या फुलांच्या रंगावरून पडले. बाभळीचे पिवळे गोंडे ज्याने पाहिले आहेत त्याला या नावातील प्रतिमा सहज कळेल. ‘ऑरेंज’ या शब्दाचा प्रवासही असाच: संस्कृत ‘नारंग’, त्यापासून फारसी-अरबी ‘नारंज’, स्पॅनिश ‘नारांखा’ आणि पुढे फ्रेंच व इंग्रजी रूप. मराठीतील ‘नारिंग’ त्याच कुळातले.

बेलिनीची कथा अधिक निश्चित आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचीही. १९३१ मध्ये जुझेप्पे चिप्रिआनी याने व्हेनिसमध्ये ‘हॅरीज बार’ सुरू केला. पिकरिंग नावाच्या एका अमेरिकन तरुणाला त्याने अडचणीत पैसे उसने दिले होते. ते त्याने कितीतरी पटींनी परत केले व त्या पैशातून हा बार उभा राहिला, म्हणून त्याचे नाव बारला मिळाले. चिप्रिआनीने पांढऱ्या पीच फळाचा गर गाळून त्यात इटलीची ‘प्रोसेको’ ही फेसाळ वाइन मिसळली. पेयाचा गुलाबी रंग पाहून त्याला पंधराव्या शतकातील व्हेनिसचा चित्रकार जोव्हान्नी बेलिनी याच्या चित्रातील रंगाची आठवण झाली, असे सांगितले जाते. नामकरणाचे वर्ष सामान्यतः १९४८ मानतात. पेय त्याआधीपासून दिले जात असावे. २००१ मध्ये इटलीच्या शासनाने हॅरीज बारला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला.

मिमोसात रस असतो, बेलिनीत गर. हा फरक वरवर किरकोळ वाटला तरी कोकणाच्या दृष्टीने निर्णायक आहे. संत्र्याचा पातळ रस वर्षभर कोठेही मिळू शकतो. पीचचा गर मात्र ठरावीक प्रदेशात, ठरावीक काळातच मिळतो. सुरुवातीला हॅरीज बारमध्ये बेलिनी केवळ पीचच्या हंगामातच मिळत असे. एका प्रदेशाचे नाजूक, अल्पजीवी फळ, त्याचा गर, शेजारच्या टेकड्यांवरची वाइन आणि त्या प्रदेशाच्या चित्रकाराचे नाव, असा हा जुळलेला संच आहे. पीचच्या जागी हापूस ठेवला तर यातील पहिल्या दोन गोष्टी रत्नागिरीत जशाच्या तशा आढळतात.

‘ब्रंच’ या शब्दाविषयी एवढेच सांगणे पुरे की तो १८९५ मध्ये गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने रूढ केला, आणि शनिवारी रात्री जागणाऱ्यांना रविवारी सकाळी लवकर उठावे लागू नये हा त्यामागचा हेतू होता. कोकणातील शेतकऱ्याची दहा वाजताची पेज त्याच वेळेची असली तरी तिचे कारण नेमके उलट आहे. ती पहाटे उठून शेतावर गेलेल्याची दुसरी शिदोरी असते.

फेस कोठून येतो

फेसाळ वाइनचा शोध डोम पेरिन्यों या फ्रेंच धर्मोपदेशकाने लावला ही समजूत आता अभ्यासक मान्य करीत नाहीत. १७१५ मध्ये निधन पावलेल्या या साधूने उलट वाइनमध्ये फेस होऊ नये म्हणून प्रयत्न केले. १६६२ मध्ये ख्रिस्तोफर मेरेट याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात वाइनमध्ये साखर घालून ती फेसाळ करण्याच्या पद्धतीची नोंद आहे. तत्त्व साधे आहे. तयार वाइन बाटलीत भरताना तीत थोडी साखर व किण्व घालावयाचे व बूच घट्ट बसवावयाचे. आत पुन्हा किण्वन होते, कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ शकत नाही आणि वाइनमध्येच विरघळतो. बाटलीतील दाब सुमारे सहा वातावरणांइतका होतो; म्हणूनच तिची काच जाड आणि बूच तारेने बांधलेले असते. प्रोसेकोत हेच दुसरे किण्वन बाटलीऐवजी मोठ्या बंद टाकीत केले जाते व त्यामुळे ती स्वस्त पडते.

हा फेस माणसाने प्रथम शॅम्पेनमध्ये पाहिला असे मात्र नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर माडाच्या पोयीतून पाझरणारा रस पहाटे उतरवला की काही तासांतच आपोआप फसफसू लागतो. ती माडी. तिच्यातील फेस व शॅम्पेनमधील फेस यांमागील रासायनिक क्रिया एकच आहे. फरक एवढाच की माडीचा वायू उघड्या मडक्यातून उडून जातो. सकाळच्या प्रहरी, किंचित गोड, किंचित आंबट आणि जिभेवर चुरचुरणारे सौम्य पेय, असे मिमोसाचे वर्णन केले तर ते ताज्या माडीलाही लागू पडेल.

किनाऱ्यावरील परंपरा : पंच, माडी आणि उर्राक

आजच्या कॉकटेलची पूर्वज मानली जाणारी ‘पंच’ ही पेयपद्धती याच पश्चिम किनाऱ्यावर युरोपियनांनी उचलली. या शब्दाची इंग्रजीतील पहिली ज्ञात नोंद १६३२ ची असून ती ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात आहे. १६३८ मध्ये सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने वखारीतील इंग्रज मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर यांचे पेय घेत असल्याचे लिहिले आहे. १६७०च्या दशकात कंपनीचा वैद्य म्हणून या भागात वावरलेला जॉन फ्रायर तर स्पष्टच सांगतो की गोव्याकडच्या नेरूळची माडापासून गाळलेली दारू वापरून किनाऱ्यावरचे इंग्रज हे पेय करतात आणि त्याला पाच घटकांवरून हे नाव पडले आहे. ‘पाच’वरून ‘पंच’ ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. काही कोशकार ती पिंपवाचक इंग्रजी शब्दाशी जोडतात. परंतु फ्रायरची साक्ष समकालीन आहे आणि ती सहजासहजी बाजूला सारता येत नाही.

आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथे इंग्रजांची वखार सतराव्या शतकाच्या मध्यास होती. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात या वखारीतील इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफखान्याची मदत केली आणि त्याचे फळ म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली, वखारवाल्यांना कैदेत टाकले, हा इतिहास सुपरिचित आहे. मिरी व कापड यांच्या व्यापारासाठी आलेली ही माणसे स्थानिक माडाची दारू, स्थानिक लिंबू व स्थानिक गूळसाखर यांवरच राहत होती. युरोपातून येणारी वाइन उष्ण हवेत व लांबच्या समुद्रप्रवासात खराब होई. पुढे लंडनमध्ये मोठ्या वाडग्यात करून वाढला जाणारा पंच प्रतिष्ठित झाला, त्यातून अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मिश्र पेयांची एक शाखाच निर्माण झाली. किनाऱ्याचे नाव त्यात कोठे उरले नाही.

कोकणातील फळांचीही युरोपला तेव्हापासूनच ओळख होती. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात आंब्याचे व कोकमाचे वर्णन केले आहे. कोकमासाठी त्याने वापरलेला पोर्तुगीज शब्द गोव्यातील ‘भिरंड’ या नावावरूनच आलेला दिसतो. हापूस हे नाव आफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीवरून पडले असे परंपरेने मानले जाते. कलम बांधून उत्तम जातीचे आंबे टिकवण्याची पद्धत पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात रुजली व तेथून ती कोकणात पसरली. म्हणजे फळाचे नावही विजेत्याचे! हापूसच्या अभिमानात ही गोष्ट सहसा विसरली जाते.

पोर्तुगीजांनीच ब्राझीलमधून आणलेल्या काजूची कथा विशेष बोलकी आहे. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की गोव्यात त्याला उर्राक म्हणतात; पुन्हा गाळल्यावर फेणी. उर्राक केवळ मार्च ते मे या काळातच मिळते, ती फेणीपेक्षा खूपच सौम्य असते, आणि ती बहुधा लिंबू-सोड्यात मिसळून, बर्फ घालून, दुपारच्या जेवणापूर्वी घेतली जाते. फळ, हंगाम, फेस आणि दिवसाची वेळ या चारही कसोट्या लावल्या तर मिमोसाचा किनाऱ्यावरील सर्वांत जवळचा नातलग हाच ठरतो. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. सिंधुदुर्ग व रत्नागिरीत तेच झाड, तीच बोंडे, तोच उन्हाळा. येथे मात्र काजूबी काढून घेतल्यावर बोंडांचा मोठा भाग बागेतच कुजतो. या तफावतीचे स्पष्टीकरण निसर्गात सापडत नाही.

अबकारी, दारूबंदी आणि सोड्याची बाटली

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातील माडी-ताडीचा व्यवसाय सरकारी महसुलाच्या चौकटीत आणला. प्रत्येक छेदलेल्या झाडावर कर, परवान्याची सक्ती आणि गाळपाच्या हक्काचे केंद्रीकरण यांमुळे ज्या भंडारी समाजाचा हा परंपरागत व्यवसाय होता त्याची उपजीविका धोक्यात आली आणि उत्तर कोकणात या धोरणाला विरोध झाला. दुसऱ्या बाजूने, सरकार महसुलासाठी दारूची दुकाने वाढवीत आहे ही टीकाही याच काळात तीव्र झाली. महात्मा फुले यांनी १८८० मध्ये पुण्यातील वाढत्या दारूदुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे तक्रार केली. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९०८ मध्ये पुण्यातील दारूदुकानांवरील निरोधनाला पाठबळ दिले. येथे एक भेद करणे जरूर आहे. या चळवळींचा रोख मुख्यतः गरिबांचे संसार उद्ध्वस्त करणाऱ्या गाळीव दारूवर व तिच्यापासून मिळणाऱ्या सरकारी उत्पन्नावर होता. कायद्याने मात्र गाळीव दारू आणि सकाळची माडी यांत फारसे अंतर राखले नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ अमलात आला. १९६० च्या दशकापासून तो शिथिल होत गेला, तरी रद्द झाला नाही. आज तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने चालू आहे आणि त्यानुसार राज्यात मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असल्याने तेथील काजूच्या भट्ट्या या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या आणि नंतरही त्यांची परवानापद्धती वेगळी राहिली. एकाच किनाऱ्यावर, तेरेखोल नदीच्या अलीकडे आणि पलीकडे, एकाच फळाचे दोन इतिहास झाले ते असे.

रत्नागिरीच्या वाट्याला त्यामुळे मद्यविरहित फेस आला, आणि तो तिने चांगला सांभाळला. जोसेफ प्रीस्टली याने १७६७ मध्ये लीड्स येथील मद्यनिर्मितिगृहातील वायू पाण्यात मिसळून कृत्रिम सोडावॉटर तयार केले व १७७२ मध्ये त्याची कृती प्रसिद्ध केली. एका अर्थी सोडा हे बियरचेच अपत्य आहे. १८७२ च्या सुमारास हायरम कॉड या इंग्रजाने काचेच्या गोटीने बंद होणाऱ्या बाटलीचा एकाधिकार घेतला. बाटली उलटी धरून भरतात; आतील वायूचा दाब गोटीला गळ्यातील रबरी कड्यावर दाबून धरतो व बूच लागतच नाही. इंग्लंडमधून ही बाटली गेली, आपल्याकडे मात्र गोटी सोडा म्हणून टिकून राहिली. बर्फाचा प्रसार याच्याही आधीचा. १८३३ मध्ये अमेरिकेच्या बॉस्टनहून कलकत्त्यास आणि पुढच्या वर्षी मुंबईस गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने आला. रत्नागिरीसारख्या बंदरात त्याचा उपयोग नव्हता. तेथे थंडावा देण्याचे काम मातीचे मडके आणि कोकम यांनीच केले.

ताजे फळ रातांबा, वाळवलेली साल आमसूल, मिठात उतरवलेला रस आगळ आणि साखरेत उन्हाने सुटलेला पाक म्हणजे अमृत कोकम: एवढी नावे एका फळाला आहेत. यांतील पाक व गोटी सोडा यांचे मिश्रण पाहिले तर रंगाने ते व्हेनिसच्या बेलिनीपेक्षा गडद आणि चवीने अधिक तरतरीत असते. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकमाला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

घाटावरची वाइन, कोकणातला रस

फेसाळ वाइन महाराष्ट्रात तयार होऊ लागली ती १९८० च्या दशकात. श्यामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे द्राक्षबागा व वाइननिर्मितीचा प्रकल्प उभा केला. फ्रान्समधील शॅम्पेन प्रदेशातील तज्ज्ञांचे तांत्रिक साहाय्य त्यास लाभले व बाटलीतच दुसरे किण्वन करण्याची मूळ पद्धत येथे वापरली गेली. ही वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने निर्यात झाली व देशात ‘मार्क्विस द पॉम्पादूर’ या नावाने विकली गेली. फारसी कवी आणि फ्रेंच राजाची प्रेयसी. नारायणगावचे नाव बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापण्याचा धीर त्या काळी कोणास झाला नाही, असे म्हणावेसे वाटते. २०१० च्या सुमारास हा उद्योग कर्जाच्या भाराखाली कोसळला. दरम्यान १९९९ मध्ये नाशिकला राजीव सामंत यांनी सुला हा उद्योग सुरू केला होता. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून वाइनला अबकारी सवलती दिल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क स्थापन झाले. २०१३ मध्ये फ्रान्सच्या मोएत हेनेसी समूहाने दिंडोरी परिसरातील द्राक्षांपासून केलेली ‘शांदों’ ही फेसाळ वाइन भारतात आणली. अशा रीतीने आंबा-बेलिनीचा दुसरा घटक रत्नागिरीपासून सह्याद्रीच्या पलीकडे, त्याच राज्यात उपलब्ध झाला.

धोरणातील भेद येथे उघड दिसतो. द्राक्षापासून केलेल्या पेयाला कृषिप्रक्रिया म्हणून मान्यता व सवलत मिळाली. बोंडू, माडी यांना तशी प्रतिष्ठा त्या काळात मिळाली नाही. द्राक्षबागायतदारांचे संघटन व निर्यातीचा अनुभव हे याचे एक कारण. वाइनला असलेले युरोपीय वलय हे दुसरे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा युक्तिवाद शेतकऱ्यांच्या हिताचा म्हणून मांडला गेला व त्यावर मोठा वाद झाला. त्या वादात दोन्ही बाजू द्राक्षाबद्दलच बोलत होत्या.

आस्वादाविषयी

आंतरराष्ट्रीय मद्यवाढपी संघटनेच्या मानक कृतींत मिमोसासाठी रस व वाइन प्रत्येकी ७५ मिलिलिटर, तर बेलिनीसाठी १०० मिलिलिटर प्रोसेकोला ५० मिलिलिटर पीचचा गर असे प्रमाण आहे. वाइनमध्ये सुमारे १२ टक्के अल्कोहोल धरले तर मिमोसात ते ६ व बेलिनीत ८ टक्क्यांवर येते. दिवसाउजेडी ही पेये चालतात यामागे हे साधे गणित आहे.

हापूसला बेलिनीचे प्रमाण मानवते, मिमोसाचे नाही. हापूसचा गर दाट, रेषाविरहित व अतिशय गोड असतो. समप्रमाणात घातल्यास वाइनची आंबट धार त्याखाली दबते व पेय नुसता आमरस होऊन बसते. म्हणून वाइन ‘ब्रूट’ वर्गातील, म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असलेली घ्यावी लागते. गर प्रथम गाळून चांगला थंड करतात व पेल्याच्या तळाशी घालतात. वाइन पेला तिरका धरून कडेने हळूहळू ओततात. हा क्रम शोभेसाठी नाही. गरातील सूक्ष्म कणांभोवती वायूचे बुडबुडे झपाट्याने तयार होतात आणि घाई केली तर अर्धे पेय फेस होऊन उतू जाते. वाइन कोमट असल्यास हा प्रकार हमखास घडतो. नंतर लांब दांड्याच्या चमच्याने एकदाच तळापासून वर ढवळावे. जोराने ढवळल्यास फेस मरतो. पीचमध्ये सुगंध अधिक व रंग कमी, म्हणून बेलिनीवाले त्यात रास्पबेरीचा थेंब घालतात. हापूसला रंगाची गरज नाही, आंबटपणाची आहे, आणि तो दोन थेंब अमृत कोकमाने भागतो. रंगही तळाशी सूर्यास्तासारखा उतरतो. मद्य न घेणाऱ्यांसाठी वाइनच्या जागी सोडा वापरला तरी क्रम हाच राहतो, फक्त लिंबू थोडे अधिक लागते.

पायरीचा रस पातळ व आंबटगोड असल्याने तोच या पेयाला अधिक योग्य, असेही मत मांडता येईल. खाद्यरसिक कोकणी घरांत आमरसासाठी पायरीला दिली जाणारी पसंती पाहता ते दुर्लक्षण्याजोगे नाही. पण बाजारात नाव हापूसचे चालते.

कॅनिंगचा आंबा

हॉटेलांतील पेयांत ताजा हापूस क्वचितच वापरला जातो. तेथे जातो तो बहुधा डब्यातील गर, आणि त्याचा उगम ज्याला रत्नागिरीत सर्वजण ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणतात त्यात असतो. हंगामाच्या सुरुवातीचे, मार्च-एप्रिलमधील फळ पेटीतून, डझनाच्या भावाने वाशीच्या बाजारात जाते. मे महिना उतरू लागला, आवक वाढली, वळवाची चाहूल लागली की लहान, डागी किंवा दूर पाठवण्याजोगे न राहिलेले फळ किलोच्या भावाने प्रक्रिया कारखान्यांकडे वळते. तो भाव किती असावा, हा दरवर्षी बागायतदार व कारखानदार यांच्यातील तणावाचा विषय असतो, कारण फवारणी, राखण, काढणी यांचा खर्च दोन्ही प्रकारच्या फळांना सारखाच आलेला असतो. हापूसमधील ‘साका’ हा दोष बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. तो तोटाही शेवटी भावातच वळता होतो. कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम व हापूस यांच्या संकरातून साकामुक्त ‘रत्ना’ ही जात काढली. ग्राहकाच्या जिभेवरून हापूसचे नाव मात्र तिला हलवता आले नाही.

२०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. परराज्यांतील आंबा हापूस म्हणून विकला जातो या जुन्या तक्रारीवर तो उपाय होता. पेटीतील फळाच्या बाबतीत त्याचा उपयोग होऊ शकतो. पेटीवर गावाचे नाव असते, देवगड की रत्नागिरी हे गिऱ्हाईक विचारतो. डब्यात अनेक बागांचा गर एकत्र होतो आणि हॉटेलच्या पेल्यात पोहोचेपर्यंत तो केवळ ‘मँगो’ उरतो. चिप्रिआनीच्या पेयात पांढरे पीच हेच हवे असा आग्रह कृतीतच नोंदला गेला, म्हणून पिवळे पीच घातलेल्या पेयाला जाणकार बेलिनी म्हणत नाहीत. आंबा-बेलिनीच्या कृतीत आंब्याची जात लिहिण्याचा प्रघात पडलेला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्र लागते. बागांतील आढ्या रिकाम्या होतात, भाताचा पेंढा गोठ्यात परततो आणि कारखान्यांतील शेवटचे डबे बंद होतात. हॅरीज बारमध्ये पीचच्या हंगामानंतर बेलिनी थांबत असे. मुंबईतील मँगो बेलिनी डब्यांच्या आधारे पावसाळ्यातही चालू राहते.